मागे वळून पाहणारा बैल

लखीराम दलालाचा एक नियम मंगरूळपीरच्या बैलबाजारात सगळ्यांना ठाऊक होता. सौद्याआधी तो बैलाचा कासरा सोडायचा आणि त्याला वाटेनं एकटं चालू द्यायचा. बैलानं मागे वळून पाहिलं की भाव निम्मा. "हा आठ दिवसांत दावं तोडून घरी येते," म्हणायचा, आणि बैल यायचाच. आम्ही त्याची टिंगल करायचो, पण बैल घेताना त्यालाच पुढे करायचो.

१९५४ साली आमच्या आसेगावचा गोविंदसिंग गाव सोडतो म्हणाला. हुतूतूत त्याच्यासारखा गडी पंचक्रोशीत नव्हता. रिठदवाल्यांनी त्याला घर आणि कसायला शेत देऊ केलं होतं, बदल्यात आम्हाला त्यांचे दोन खेळाडू. गावात भांडणं लागली. शेवटी कुणीतरी म्हणालं, लखीरामला पारख करू द्या. तो निम्मा भाव बोलला तर एकच गडी मिळेल, मग सौदा नको. मला हे तेव्हाही आवडलं नव्हतं. कारण बायको गेल्यावर लखीरामच्या घरात दुसरं माणूस होतं ते गोविंदसिंगच. पोरका झाला तेव्हा लखीरामनंच त्याला घरी आणलं होतं.

"काका, मले जाऊ द्या," गोविंदसिंग म्हणाला. "इथं माहं काय हाये?"

लखीरामनं त्याला रिठदच्या वाटेकडे बोट दाखवलं. "चाल. नाल्यापर्यंत."

माणसाची अशी चाल पाहायची सगळ्यांनाच लाज वाटली. दोन्ही गावची माणसं पारावर पाठ करून बसली. मला राहवलं नाही, मी पाहिलं. नाल्याच्या अलीकडे गोविंदसिंग थांबला, मागे वळला आणि बराच वेळ लखीरामकडे पाहत उभा राहिला.

"वळला नाई," लखीराम मोठ्यानं म्हणाला. "दोन गडी घ्या."

उभ्या जन्मात तो सौद्यात खोटं बोलला नव्हता. गोविंदसिंग त्याच दिवशी रिठदला गेला. मी लखीरामला घरी गाठलं. "काका, खोटं काहून बोलले?"

"त्याले जायचं होतं, जाऊ दे," तो म्हणाला. मग डोळ्यांत पाणी असूनही थोडा हसला. "पन वळून पाह्यलं न त्यानं? आठ दिवसांत येते पाहाय."

आठ दिवस तो दारात वाटेकडे तोंड करून बसला. बाजाराला गेला नाही. जेवायचं विचारलं तर म्हणायचा, जेवीन मागून. त्याला तसं पाहून माझा जीव तुटायचा आणि गोविंदसिंगचा रागही यायचा. पण खरं सांगायचं तर नव्या घरात, नव्या शेतात कुणाला उसंत असते?

पुढच्या बाजारी लखीराम आला. एका शेतकऱ्याचा खिल्लारी गोऱ्हा कासरा सोडताच चार पावलं गेला आणि मान वळवून मालकाकडे पाहत राहिला. शेतकऱ्याचं तोंड उतरलं. "आता निम्मा भाव ना, काका?"

"पुरा घे," लखीराम म्हणाला. "वळून पाह्यलं म्हून कोनी परत येत नाई."