ओतलेलं तांबं

सामरवरणीच्या शेडमधली भट्टी काढायची आणि तिथे दुसरं मिलिंग मशीन बसवायचं, हे मालक जयवंतने ठरवूनच टाकलं होतं. भट्टीवरचा ओतारी चिंधा एवढंच म्हणाला, "शेठ, हा एक माल मले ओतू द्या. नाही जमला तर मीच भट्टी फोडून देतो."

माल होता तांब्याच्या क्लॅम्पचा, विजेचे पॅनल बनवणाऱ्या एका कारखान्यासाठी. नग थोडे, पण आकार वेडावाकडा. जयवंतचं म्हणणं सरळ: ठोकळा आणा, मशीनवर कोरा. पण तांबं मोठं चिवट, हत्याराला चिकटून बसतं. शिवाय ठोकळ्यातून असला नग काढला की निम्म्याहून जास्त तांब्याचा किस होतो. ते बघून चिंधाचा जीव तुटायचा. धुळ्याहून आल्यापासून त्याची उमर आमलीतल्या नळाच्या कारखान्यात पितळ ओतण्यात गेली होती.

पहिली खेप साच्यातून अशी देखणी निघाली की गडी मिशीतल्या मिशीत हसला. जयवंतने एक नग मशीनवर लावला. वरचा पापुद्रा निघाला आणि आत नुसती भोकं. दुसऱ्याची, तिसऱ्याची तीच गत. जयवंतने मशीनवाल्याला जागा मोजायला बोलावून घेतलं.

घरी सदरा धुवायला घेताना बायको तानूबाई म्हणाली, "आज सदऱ्याले ते पांढरं काहीच लागेल नाही. भट्टीपाशी व्हते ना तुम्ही?"

चिंधा चहाचा कप हातात धरून तसाच बसला. पितळ ओतायला आलं की त्यातलं जस्त पांढऱ्या धुराने उडतं, आणि त्या धुरावरूनच तो ओतायची वेळ ओळखायचा. तांब्यात जस्तच नाही, तर धूर येणार कुठून? आणि हा शहाणा धुराची वाट बघत तांबं तापवत बसलेला, ते बिचारं तोवर हवा पीत राहिलेलं; आतली भोकं त्याच हवेची. त्याला स्वतःचीच लाज वाटली, पण त्याहून जास्त हायसं वाटलं. चूक हाती लागली होती.

दुसऱ्या दिवशी शेजारच्या ओतकामवाल्याला विचारायला त्याने कमीपणा मानला नाही. हवा लागू नये म्हणून मुशीतल्या तांब्यावर कोळशाचा थर दिला, आत शिरलेली हवा मारायला फॉस्फरस मिसळलेल्या तांब्याचे तुकडे शेवटी टाकले, आणि रस खेळता होताच, धुराकडे न बघता, ओतून मोकळा झाला.

मशीनवाला टेप घेऊन भट्टीपाशी उभाच होता. चिंधाने स्वतःच एक नग उचलला, करवतीखाली धरला आणि सगळ्यांदेखत त्याचे दोन तुकडे केले. आतून भरीव, गुलाबी तांबं. जयवंतने त्यावर अंगठा फिरवला, मग दुसराही तुकडा उजेडात धरून पाहिला.

"क्लॅम्पची बसायची बाजू मशीनवरच सपाट करा लागंल, शेठ," चिंधा म्हणाला. "ती ओतून येत नाही. बाकी अंग माझं."

जयवंत मशीनवाल्याकडे वळला. "भाई, इधर नहीं. उस दीवार के पास नाप लो."

मशीनवाला टेप गुंडाळत भिंतीकडे गेला. चिंधाचे डोळे भरून आले. त्याने ते लपवले नाहीत.