फौजदाराची डावी बाजू

इचलकरंजीत आमचं घर म्हणजे यंत्रमागांच्या शेडमागची एक खोली. वडील दुसऱ्याच्या मागावर कामाला, आई घरी बसून सुताच्या कांड्या भरायची आणि आम्ही तिघं भावंडं त्या खडखडाटात पाढे म्हणायचो. खडखडाटाची एवढी सवय, की माग बंद पडले की आम्ही झोपेतून दचकून उठायचो. बंद माग म्हणजे बंद पगार. पावसाळ्यात छप्पर जिथे जिथे गळायचं तिथे आई पातेली मांडायची, आणि मग भात कशात शिजवायचा यावर घरात चर्चा व्हायची. त्या घरातला मी पहिला ग्रॅज्युएट. हे मी कुठेही सांगतो, कुणी न विचारता सांगतो. ज्याला ऐकायचं नसेल त्याने दुसरीकडे बघावं.

नोकरीने मला सिंगापूरला नेलं, चांगी बिझनेस पार्कमध्ये. राहायला खोली हवी होती. जुन्या वस्तूंपासून भाड्याच्या खोल्यांपर्यंत सगळं ज्यावर मिळतं असं एक जाहिरातींचं ॲप होतं, त्यावर शोधायला लागलो. फोटोत प्रत्येक खोली हॉटेलसारखी. खिडकीतून समुद्र दिसणारी एक खोली बघायला गेलो, तर खिडकीसमोर दुसऱ्या ब्लॉकचं स्वयंपाकघर. समुद्र कुठे गेला असं विचारलं तर मालक म्हणाला, “मेट्रोने वीस मिनिटं.”

अशातच टॅम्पिनीसमधल्या एका खोलीची जाहिरात दिसली. पहिलाच फोटो छतावरच्या ओलीचा. दुसरा, सुतळीने बांधलेल्या कपाटाच्या दाराचा. तिसऱ्यात खोली होती, पण अर्ध्या खोलीवर फोटो काढणाऱ्याचा अंगठा आला होता. खाली लिहिलेलं: वरच्या मजल्यावर कपडे धुतले की ओल येते, दार लागत नाही, बाकी खोली चांगली.

मी त्याच संध्याकाळी गेलो. दार उघडलं ते गाउनवर ओढणी घेतलेल्या, हातात लाटणं धरलेल्या एका बाईंनी. माझ्या तोंडून मराठी ऐकल्यावर त्यांनी लाटण्यानेच आत बोलावलं.

“आधी ओल बघून घे. मागाहून म्हणशील, चोगलेकाकूंनी फसवलं.”

मी ओल बघितली. आमच्या खोलीच्या मानाने ती ओल म्हणजे शोभेची होती. मी काकूंना माझी माहिती दिली. अर्थातच घरातला पहिला ग्रॅज्युएट असल्याचंही सांगितलं.

“हो का? मग पदवीधरा, चप्पल बाहेर काढ.”

तेव्हापासून माझं नाव पदवीधर. दूध उतू गेलं की “काय रे पदवीधरा, नाक नाही का तुला?” आणि बल्ब बदलायचा असला की “अरे, त्या पदवीवर उभा राहा, हात पोचेल.”

चोगलेकाका जहाजावर इंजिनिअर. घरी आले की महिनाभर झोपायचे आणि परत जायचे. काकू मूळच्या हर्णै बंदरावरच्या. त्यांची आई तिथे मासे विकायची आणि काकू लहानपणी तिच्याशेजारी बसायच्या. इथे एकट्या पडल्यावर त्यांनी हौसेने मासे पाळायला घेतले. खायचे मासे ओट्यावर आणि पाळायचे हॉलमध्ये, यात त्यांना काहीच वावगं वाटत नसे. “हे पाहुणे, ते जेवण,” असं त्या सरळ सांगत. पुढे ओळखीतल्या लोकांची बदली झाली, नोकरीचा पास संपला, की ते आपल्या टाक्या आणि मासे काकूंकडे आणून टाकू लागले. माणसं बदलीची, मासे इथलेच. काकू त्यांना खाऊपिऊ घालत आणि ॲपवर जाहिरात देऊन चांगलं घर बघून विकत.

त्या जाहिराती हा बघण्यासारखा प्रकार होता. फोटो काढण्याआधी काकू टाकीला त्या दिवशीचा पेपर टेकवून ठेवत, म्हणजे फोटो आजचाच आहे हे कळावं. मासा केवढा ते कळावं म्हणून शेजारी लाटणं. पेपर, लाटणं आणि मध्ये भेदरलेला मासा. पाहणाऱ्याला वाटावं, कुणीतरी मासा पळवून नेलाय आणि खंडणी मागतंय. लोक विचारायचे, “आंटी, लाटणं पण मिळणार का?” आणि सगळ्यात पहिला फोटो माशाच्या खोडीचा. शेपूट फाटलेली असेल तर शेपटीचा, खवला पडला असेल तर त्या जागेचा.

“अहो काकू, आधी चांगला फोटो टाका ना,” मी एकदा म्हटलं.

“आमच्या आईकडे गिऱ्हाईक आलं की ती आधी कल्ला उघडून दाखवायची. लाल तर लाल, काळा तर काळा. मग भाव. कल्ला झाकून विकणारी उद्या त्याच जागेवर कोणत्या तोंडाने बसणार रे?”

एकदा माझ्याच ऑफिसातला एक मुलगा, पुण्याचा, मोठ्या आत्मविश्वासाने काकूंकडे आला. त्याने कुठूनतरी साप मिळवून खोलीत पाळला होता आणि आता परत जायचं होतं. फोनमध्ये फोटो होता: पिवळाधमक साप, लाल गालिच्यावर ऐटीत वेटोळं घातलेला.

“हा तुझा साप?” काकूंनी चष्मा लावला. “तुम्हा पोरांच्या खोलीत तर सतरंजीसुद्धा नसते. गालिचा कुणाचा?”

“काकू, फोटो नेटवरून घेतलाय. आमचा जरा फिकट आहे. आणि कात टाकतोय, म्हणून बरा दिसत नाही.”

“आणि इथे साप पाळायला बंदी आहे, ते?”

“त्याचं बघितलंय मी. जाहिरातीत साप लिहायचंच नाही. बेल्ट लिहायचं.”

काकूंनी शांतपणे चष्मा काढला. “मग हेही लिही, की बेल्ट उंदीर खातो. आणि गिऱ्हाइकाने कमरेला बांधला की गिऱ्हाइकाची जबाबदारी.” त्या एवढ्यावर थांबल्या नाहीत. सरकारी प्राणी खात्याला फोन कर, मी समोर बसते, म्हणाल्या. तो गयावया करत होता, काकू त्याला चहा ओतत होत्या. फोन त्याला करावाच लागला. साप गेला. मुलगा परत जाईपर्यंत कँटीनमध्ये मला बघून वाट बदलायचा.

काकूंच्या सगळ्या माशांत एकच विकाऊ नव्हता. फौजदार. हा अरोवाना जातीचा, हातभर लांब, तांबूस खवल्यांचा, हनुवटीला दोन मिशा. टाकीच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत असा गस्त घालायचा की आपणच काहीतरी गुन्हा केलाय असं वाटावं. इथले लोक हा मासा शुभ मानतात, दुकानात काचेसमोर ठेवतात. पण फौजदाराचा डावा डोळा पडलेला. तो डोळा कायम खाली बघायचा, रस्त्यात कुणाचं पाकीट पडलंय का ते शोधत असल्यासारखा. या जातीच्या बऱ्याच माशांना टाकीत राहून असं होतं म्हणे, पण शुभ मासा घेणाऱ्याला पडलेला डोळा चालत नाही.

मग चोगलेकाका निवृत्त झाले. हर्णैला घर बांधून तयार होतं, टॅम्पिनीसचा फ्लॅट विकला गेला. काकू भराभर सामान आवरत होत्या, पण टाकीकडे आल्या की त्यांचे हात थांबायचे. फौजदाराला भारतात नेणं जमण्यासारखं नव्हतं. ओळखीच्या कुणाकडे एवढी टाकी ठेवायला जागा नव्हती. मासेवाल्या दुकानदाराला बोलावलं. त्याने उजवी बाजू बघितली, मान डोलावली. फौजदार वळला, दुकानदाराने मान डोलवायची थांबवली. “आंटी, हा डोळा असलेला कोण घेणार? कुणाच्या तरी तळ्यात सोडून देतो.”

“तळ्यात? त्याला कोळंबी सोलून लागते!” काकूंनी दुकानदाराला जवळजवळ ढकलतच बाहेर काढलं.

दुसऱ्या दिवशी ऑफिसात मी ॲप उघडलं तर फौजदाराची जाहिरात. पेपर होता. लाटणं होतं. फौजदार होता, उजव्या बाजूने, एकदम पोस्टरवरचा. खोड म्हणून लिहिलेलं: खातो फार. बस. पुढे फोटोच नाही.

घरी गेल्या गेल्या मी विचारलं, “काकू, डावी बाजू?”

“फोन भरला. फोटो निघेना.”

“काकू.”

“तू पदवीधर आहेस, पोलीस नाहीस. जेवायला बस.”

त्या माझ्याकडे न बघता वाढत होत्या. आमटी ताटाबाहेर गेली तरी कळलं नाही. मी जेवायला बसलो. माझंही त्या माशावर प्रेम होतं, आणि तळं मलाही दिसत होतं.

रविवारी गिऱ्हाईक आलं. लिम अंकल, टॅक्सी चालवायचे, एकटे राहायचे. आदल्या वर्षी काकूंकडूनच त्यांनी शेपूट फाटलेला गोल्डफिश नेला होता. काकूंनी सगळी तयारी केली होती. टाकीच्या उजव्या टोकाला उभं राहून त्या चिमट्यात कोळंबी धरून होत्या, म्हणजे फौजदार उजवीकडेच तोंड करून राहील आणि समोरच्याला उजवी बाजूच दिसेल. एक कोळंबी झाली, दुसरी झाली. अंकल हात मागे बांधून बघतायत. काकू त्यांच्या इंग्रजीत फौजदाराचं कौतुक करतायत, घामाघूम होऊन.

“व्हेरी गुड फिश, अंकल. व्हेरी ऑनेस्ट फेस.”

तिसऱ्या कोळंबीला फौजदाराने तोंड फिरवलं. पोट भरलं होतं. आता तो सवयीने गस्तीला वळणार, तेवढ्यात काकूंनी ओढणी काचेवर पसरली.

“कॉफी, अंकल?”

“ड्रिंक ऑलरेडी.” म्हणजे इथल्या इंग्रजीत, पिऊन आलोय.

काकूंनी एकदा ओढणीकडे बघितलं, एकदा अंकलकडे. मग त्यांनीच ती खाली घेतली आणि खुर्चीत बसल्या.

“बघा अंकल. डावी बाजू पण बघा,” त्या मराठीतच म्हणाल्या आणि बोटाने दाखवलं.

अंकलनी माशाकडे बघितलंच नाही. खिशातून फोन काढला आणि काकूंची जुनी, गोल्डफिशची जाहिरात उघडली. पहिला फोटो फाटक्या शेपटीचा, शेजारी लाटणं.

“आंटी, यू ऑलवेज पुट अग्ली साइड फर्स्ट. धिस टाइम नो अग्ली साइड. सो आय नो लाह. लेफ्ट आय ड्रॉप, करेक्ट?”

काकूंनी माझ्याकडे बघितलं. मी छताकडे बघितलं.

“माहीत होतं तरी आलात?” काकूंचं हे वाक्य मी इंग्रजीत सांगितलं.

अंकलनी खांदे उडवले. ते जमिनीवर बसून जेवतात, बाजूच्या लांब, भक्कम बाकावर टाकी मावेल, असं त्यांनी हातवारे करून समजावलं. “ही लुक डाउन. आय सिट डाउन. गुड, लाह.”

काकू हसल्या, आणि ओढणीने डोळे पुसले. सौदा झाला असं मला वाटलं. पण नाही. “थांब. पदवीधरा, फोन काढ. डाव्या बाजूचा फोटो काढ आणि जाहिरातीत पहिला टाक. मग विकला असं लिही.”

“अहो, पण गिऱ्हाईक इथे उभं आहे! आता कोण बघणार आहे?”

“मी बघणार आहे.”

फोटो काढला. पेपर परत टेकवला, लाटणं परत धरलं. फौजदार आता मुद्दाम उजवी बाजूच दाखवत होता. कोळंबी डाव्या टोकाला धरून त्याला वळवावं लागलं. लिम अंकल खुर्चीवर बसून शेवटी कॉफी प्यायले. जाहिरात नीट झाल्याची स्वतः खात्री केल्यावरच काकूंनी मासा दिला.

विमानतळावर काकूंनी मला ते लाटणं दिलं. “काही विकायला काढशील तेव्हा फोटोत ठेव,” म्हणाल्या. काका म्हणाले, “अगं, पोळ्या कशाने लाटायच्या?” त्यांना म्हणाल्या, “हर्णैला लाटणी मिळतात हो. तुम्ही चला.”

नंतर मी इचलकरंजीत आईवडिलांसाठी घर घेतलं. वास्तुशांतीला काकू हर्णैहून सुका जवळा घेऊन आल्या. सगळे फरशीचं, ओट्याचं कौतुक करत होते. काकू मान वर करून छत तपासत होत्या.

“ओल कुठे आहे?”

“नाही, काकू.”

“नीट बघितलंस?”

“कपाटाचं एक दार लागत नाही.”

“हां. मग खरं घर आहे,” म्हणाल्या, आणि तेव्हा कुठे बसल्या.

टॅम्पिनीसमध्ये लिम अंकल जमिनीवर बसून जेवतात आणि फौजदार त्यांच्याकडे खाली बघत असतो. अंकल फोटो पाठवतात, डाव्या बाजूचा आधी. आणि इचलकरंजीत आता पावसाळ्यात आमची सगळी पातेली स्वयंपाकाला असतात.