उघडी राहिलेली फाइल

कॉम्प्युटरवर सूचना आली की तुम्ही-आम्ही ती न वाचताच बंद करतो. ताई कपाळावरचा चष्मा खाली ओढत आणि म्हणत, "वाचल्याबिगर कायले बंद करता?"

ताई मुर्रीहून स्कुटीने यायच्या. गोंदियातल्या आमच्या संस्थेचे कॉम्प्युटर त्या सांभाळत. घरी मार खाणाऱ्या बायका आमच्याकडे येत. लांबच्या बायका संस्थेच्या वेबसाइटवर तक्रार लिहीत. त्या तक्रारींची नोंद मी ठेवायचे.

एका दुपारी ताईंनी अशीच एक सूचना वाचली. वेबसाइटवरच्या सगळ्या माहितीची प्रत काढून ठेवणारं आमचं प्लगइन जुनं झालं होतं, त्यात दोष निघाला होता. ताईंनी स्वतःच्या मोबाइलवर त्या प्रतीचा पत्ता टाकला. पासवर्ड न मागता अख्खी फाइल उतरली. त्यात बायकांची नावं, फोन, आणि नवऱ्यापासून लपून त्या कुठे राहतात तेही.

ताई संस्थेच्या सचिवांकडे गेल्या, वेबसाइट लगेच बंद करू म्हणाल्या. पण दोन दिवसांनी पाहुणे येणार होते, त्यांना वेबसाइट दाखवायची होती. सचिव हसले. "गोंदियाची वेबसाइट कोन पाहून राहिला, मॅडम?"

ताईंनी जागेवर येऊन वेबसाइट बंद केली. मग सर्व्हरवरची नोंद तपासली. त्यांच्याआधीच ती फाइल कुणीतरी उतरवून नेली होती.

बायकांना कळवायलाच हवं, असं ताईंचं म्हणणं. संस्थेचं नाव खराब होईल, असं सचिवांचं. आजही आठवलं की अंगाची आग होते. जीव कुणाचा, आणि या माणसाला काळजी कशाची!

ताई स्वतःच निघाल्या. नागऱ्याला खोली घेऊन राहणाऱ्या, त्या फाइलमधल्या एका बाईकडे मीही सोबत गेले. तिने सगळं ऐकून घेतलं.

"मंग त्याले माहा पत्ता समजला का?"

"माहीत नाही," ताई म्हणाल्या. "चूक आमची हाय. म्हनून सांगाले आलो."

त्याच संध्याकाळी मुलीला घेऊन तिने खोली सोडली. चार दिवसांनी घरमालकिणीचा फोन आला: नवरा येऊन दार बडवून गेला होता.

ताईंना कामावरून काढलं. परवानगीशिवाय वेबसाइट बंद केली आणि गोपनीय माहिती बाहेर सांगितली म्हणून. गोपनीय म्हणे! माझा जबाब घेतला, तेव्हा परवानगी नव्हती एवढंच मी लिहिलं. ते खरं होतं, आणि भेकडपणाचंही.

आता नवी वेबसाइट झाली आहे. पण एकमेकींकडून हे सगळं ऐकून बायका फोनवर आधी विचारतात, त्या मॅडम आहेत का. नाहीत म्हटलं की नाव न सांगताच फोन ठेवतात.