गोपिकाबाईंचं नवं गवत

नंदनवन कॉलनीत आमच्या शेजारी गोपिकाबाई भांगे राहतात. माहेर भिवापूरचं, मिरचीच्या वावरात वाढलेल्या. कोरोनात त्यांना वास यायचा थांबला तो थांबलाच. डाळ करपली तरी कळायचं नाही.

ओळखीचे वास रोज घेत राहा, असं डॉक्टर म्हणाले. मग बाईंनी घरासमोरच्या चिमूटभर जागेत सब्जा, पुदिना, गवती चहा, मोगरा लावला. सकाळी उठून अनवाणी मातीत बसायच्या, एकेक पान चुरडायच्या, नाकाशी धरायच्या.

"आला का काही?" मी कुंपणावरून विचारायची.

"नाही वं अजून," म्हणायच्या आणि दुसरं पान तोडायच्या. अशी वर्षं गेली.

यंदा उन्हाळ्यात बाई लेकीकडे गेल्या. तेवढ्यात त्यांच्या मुलाने, अमोलने, सगळं उपटलं आणि तिथे प्लास्टिकचं हिरवं गवत अंथरलं. आईसाठी सरप्राइज म्हणे!

"आता चिखल नाही, पाणी घालायची कटकट नाही," मला कौतुकाने दाखवत होता. माझं डोकंच फिरलं.

बाई भरदुपारी परतल्या. सवयीने चपला काढून गवतावर बसायला गेल्या आणि पाय भाजून मागे सरल्या. मग थबकल्या. दोनदा हुंगलं.

"वास येऊन राहिला गा मले," त्या अमोलला म्हणाल्या. "प्लास्टिक तापल्याचा."

अमोलने गल्लीभर पेढे वाटले. नव्या बागेचा गुण आला, असं सांगत फिरला. माझ्या हातावर ठेवलेला पेढा मी कुंपणावरून त्या गवतात फेकला.

दोन दिवस झाले. पेढ्याला मुंगीसुद्धा लागलेली नाही.