मंगळवारचा फरक

सोमवारी सकाळी नऊ वाजून दहा मिनिटांनी, बांधकाम कंपनीच्या बेळगावच्या ऑफिसात, नियोजन बघणाऱ्या पूर्णिमाने मूळ आराखडा, म्हणजे बेसलाइन, आणि चालू आराखडा स्क्रीनवर एकाखाली एक लावले. करड्या पट्ट्या ठरवलेल्या कामाच्या, निळ्या झालेल्या कामाच्या. गुंजीजवळच्या छोट्या पुलाचं काम तीन दिवस मागे होतं. तिन्ही मंगळवार.

कारण तिला माहीत होतं. पुलावरची सगळी टोळी तिच्याच गावची. यंदा गावात लक्ष्मीची यात्रा, म्हणून त्याआधीचे पाच मंगळवार गाव पाळणार. त्या दिवशी कुणी कुदळसुद्धा उचलत नाही. मुकादम नागोजीआप्पांनी आराखडा होण्याआधीच बजावलं होतं. तिने "व्हय आप्पा" म्हटलं, आणि सॉफ्टवेअरच्या कॅलेंडरात सुट्ट्या घातल्याच नाहीत. बेंगळुरूच्या मुख्य ऑफिसातले लोक कारण विचारतील, आणि त्यांना देवीचं नाव सांगायची तिला लाज वाटली. गेल्या आठवड्याच्या अहवालात तिने लिहिलं: मजूर गैरहजर.

मॅनेजर हुक्केरी साहेबांनी तो वाचला होता. "ही टोळी बदलूया," म्हणत त्यांनी नागोजींना फोन लावला, स्पीकर चालू ठेवून.

"काय नागोजी, मंगळवारीच बरी झोप लागते?"

"वार पाळलाय गावानं, साहेब. तुमच्या कम्प्युटरला देव न्हाय, आमाला हाय." आप्पा हसले. "पूर्णिमाला इचारा की. आमच्याच गल्लीतली पोरगी. तिनं लिवलंय सगळं."

साहेबांनी मान वर केली. पूर्णिमाचे कान तापले.

"लिहिलं नाही, आप्पा," ती फोनकडे वाकून म्हणाली. "तुम्ही सांगितलं होतं. मीच घातलं नाही."

पलीकडून आप्पा म्हणाले, "असू दे गं." फोन बंद झाला. आप्पांनी शिव्या घातल्या असत्या तर तिला सोपं गेलं असतं.

टोळी बदलायचा विषय साहेबांनी सोडला. "नव्या तारखांवरच बेसलाइन सेव्ह कर. जुनी जाईल, फरक शून्य दिसेल. कोण बघतंय?"

तिने उरलेले मंगळवार कॅलेंडरात घातले. कारण लिहिलं: गावाने पाळलेला वार. नवी बेसलाइन दुसऱ्या क्रमांकावर ठेवली; पहिली पुसली नाही. तिथे तीन दिवसांचा फरक तसाच राहिला, समोर शेरा: नियोजनातली चूक, पूर्णिमा. दुरुस्त अहवाल तिने बेंगळुरूला पाठवला आणि बराच वेळ कुणाकडे बघितलं नाही.

उद्या चौथा मंगळवार. गुंजीच्या पुलावर मिक्सर सुरू होणार नाही.