साफ हाय, घेऊन जा

दिनूच्या घरून मला दोन फोन आले. पहिला, तो गेल्याचा. दुसरा अठरा दिवसांनी, तो बोलून राहिल्याचा. पहिल्या फोनला मी सौंसरहून मिळेल त्या गाडीनं पांढुर्ण्याला पोचलो, खांदा दिला, परत आलो. दुसऱ्या फोननं मात्र माझं डोकंच फिरलं. "भाऊजी, दुकानातून यांचा आवाज येऊन राहिला," सुमनवहिनी म्हणाल्या, "रोज दुपारी. अन् एकटे नाही हायेत. मांगं कोणी बाई बोलते." मी म्हटलं, वहिनी, झोप झाली नसेल तुमची. त्या म्हणाल्या, "शेजारीणबी ऐकून गेली."

दिनू माझा कॉलेजपासूनचा दोस्त. मी गणिताचा मास्तर झालो, त्यानं घराच्या पुढच्या खोलीत झेरॉक्स अन् टायपिंगचं दुकान टाकलं. पांढुर्णा जिल्हा झाला तशी अर्जांची गर्दी वाढली, अन् प्रत्येक अर्जासोबत एक पेन ड्राइव्ह, बारा घरचं पाणी प्यालेला. एकदा अशाच एका ड्राइव्हमधून व्हायरस शिरला अन् लोकांची कागदं अडकून बसली. दिनूनं मग जुनं सगळं काढून कॉम्प्युटरच्या मशीनवर लिनक्स टाकलं. मी त्याला हिणवायचो, "लिनक्सला व्हायरस होत नाही म्हणतात, मग तू काय शोधून राहिला दिवसभर?" तो म्हणायचा, "मले नाही होत रे मास्तर, पण माझ्या हातून दुसऱ्याले होते ना."

माऊसला तो हात लावत नसे. काळ्या पडद्यावर एका बोटानं 'क्लॅमस्कॅन' ही व्हायरस तपासायची आज्ञा टाईप करायची, पुढं ड्राइव्हचं नाव, एंटर. एकेक फाइल पांढऱ्या अक्षरांत वर सरकत जायची. शेवटी बाधित फाइल्स शून्य अशी ओळ आली की दिनू मोठ्यानं म्हणायचा, "साफ हाय, घेऊन जा." हे ऐकल्याबिगर गिऱ्हाईक ड्राइव्ह उचलत नसे, गावाला सवयच लागली होती. बाधित फाइल निघाली तरी तो ती पुसत नसे, 'कोंडवाडा' नावाच्या फोल्डरात टाकायचा. कोणाच्या पोरीच्या लग्नाचे फोटो असले तर, म्हणायचा.

दुपारी एक वाजता मशीन स्वतःला तपासायची. ते काम त्यानं लावून ठेवलं होतं, वेळ झाली की आपोआप सुरू. त्या वेळी गिऱ्हाईक जेवायला जातं, म्हणून. दिनू मात्र जात नसे. तपासणी संपेपर्यंत पडद्यासमोर बसून राही अन् आतून वहिनी हाका मारून थकत. यापायी त्यांचं रोज वाजायचं.

मी गेलो तेव्हा वहिनींनी दुकानाच्या दाराला घराच्या बाजूनं कडी घातली होती. बॅग भरलेली होती. घराला कुलूप लावून नागपूरला मुलाकडे कायमचं जायचं ठरत होतं. शेजारीण त्यांना जामसांवलीला दर्शनाला नेते म्हणत होती, बाधा असेल तर उतरेल म्हणून. हनुमानाला मीही मानतो. पण ज्या माणसानं जन्मभर बाधा शोधली, त्यालाच बाधा ठरवून राहिले हे लोक, याचा मला फार राग आला.

कडी काढून मी आत बसलो. वहिनी उंबऱ्याच्या आत आल्या नाहीत. बरोबर एक वाजता टेबलाखालून पंखा घुरघुरला अन् मशीनचा बारका दिवा लुकलुकायला लागला. पडदा काळा, म्हणून सगळ्यांना मशीन बंद वाटली होती. दिनूनं ती कधी बंद केलीच नव्हती. हे मला कळत होतं, तरी खोटं कशाला बोलू, मी दाराकडं सरकून बसलो. त्याची खुर्ची समोर होती. गादी त्याच्या बसण्यानं दबलेली, तशीच. पावणेदोनला त्या खुर्चीकडून दिनू म्हणाला, "साफ हाय, घेऊन जा." अन् त्याच्या पाठीमागून, लांबून... एक बाई. शब्द लागत नव्हते.

"ऐकलं?" वहिनींनी तोंडाला पदर लावला होता.

मी पडदा जागा केला अन् मशीनमधली ठरलेल्या कामांची यादी उघडली. शेवटच्या ओळीत सापडलं. तपासणीत काही निघालं नाही की एक आवाजाची फाइल वाजवायची. मोतीबिंदूनंतर त्याला पडदा वाचायला त्रास व्हायचा, म्हणून त्यानं स्वतःचाच आवाज भरून ठेवला होता. फाइल दुपारच्याच वेळी भरलेली होती. हेडफोन लावून मी आवाज वाढवला. ती बाई म्हणत होती, "अहो, भाकर वाळून राहिली. जेवता का त्या डब्ब्यालेच घेऊन बसता?"

मी हेडफोन वहिनींच्या कानाला लावले. त्यांनी तीनदा ऐकलं. स्वतःचा आवाज माणसाला लवकर ओळखू येत नाही. "मी हाय का हे?" त्या म्हणाल्या, "एवढी खेकसत होती मी?"

"एक ओळ पुसली की बंद होईल, वहिनी. पुसू?"

"थांबा. याच्यापुढं काय हाय? आले होते का ते जेवाले, त्या दिवशी?"

फाइल तिथंच संपत होती. पुढं काही नाही, वहिनी, मी म्हटलं. मला रडू आलं अन् दिनूचा संतापही आला. उठला असता एखाद्या दिवशी, तर काय बिघडत होतं?

ती ओळ मी पुसली नाही. वहिनी नागपूरला गेल्या नाहीत. परवा दुपारी मी सहज गेलो तर दुकानाचं दार उघडं, मशीन सुरू, अन् खाली दोन ताटं वाढलेली. मला वाटलं एक माझं, म्हणून बसायला लागलो. वहिनींनी हात आडवा केला अन् माझ्यासाठी आतून तिसरं ताट आणलं. जेवायला सुरुवात करीनात. मी म्हटलं, वहिनी, भाकर निवून राहिली.

"निवू द्या," त्या पडद्याकडे पाहत म्हणाल्या. "आता मी हाक नाही मारत, भाऊजी. त्यांचं झालं की येतील."