शकीलचाचांचा आवाज

परभणीहून नोकरीसाठी मी पुण्यात आले, तेव्हा हडपसरमध्ये बऱ्याच दारांत "एकट्या मुलीला देत नाही" हे ऐकून झालं होतं. शकील तांबोळींच्या दारातून मी विचारता विचारताच परत फिरायला लागले. ते म्हणाले, "अहो, खोली वर आहे, रस्त्यावर नाही. बघून तरी घ्या!" त्या दिवसापासून ते माझे चाचा झाले.

चाचा पीएमटीत कंडक्टर होते, स्वारगेट-हडपसर मार्गावर. आवाज खणखणीत. "पुढे सरका. मागची गाडी रिकामी आहे असं सांगितलं असतं, पण मी खोटं बोलत नाही," असं ते म्हणाले की वैतागलेली माणसंसुद्धा हसत सरकायची.

२००१ साली त्यांचा घसा बसला आणि काही केल्या सुटेना. आत गाठ निघाली. डॉक्टरांनी स्पष्टच सांगितलं, जीव वाचेल, पण स्वरयंत्र काढावं लागेल.

अख्तरबानू चाची त्या संध्याकाळी माझ्याकडे वर आल्या. त्यांचा मुलगा इरफान बंगळूरला होता, सुनेला दिवस गेले होते. "इरफानचा कॉम्प्युटर घरात पडून आहे," त्या म्हणाल्या. "त्याला माईक लावून दे. येणाऱ्या बाळाला आजोबा ऐकू आले पाहिजेत."

ऑपरेशनच्या आदल्या दिवसापर्यंत चाचा रोज माईकसमोर बसले. आवाज घोगरा झाला होता, पण होता त्यांचाच. गोष्टी सांगितल्या, पुलगेट, फातिमानगर, वैदूवाडी असे थांबे पुकारले, मधेमधे "पुढे सरका"ही.

ऑपरेशन झालं आणि चाचा वाचले. बोलायला हातात पाटी आली. काही महिन्यांनी मात्र तो कॉम्प्युटरच कटकट आवाज करायला लागला. मधेच बंद पडायचा. चाची घाबऱ्या झाल्या, "आतलं सगळं जाईल का गं?"

जाणारच होतं. फ्लॉपीत एक गोष्टही मावत नव्हती, आणि सीडी बनवणारं यंत्र आमच्यापैकी कुणाकडेच नव्हतं. मी ऑफिसमधल्या उत्कर्षाला सांगितलं. तिने दुसऱ्या दिवशी घरून एक जाडसर केबल आणून दिली. "प्रिंटर लावतो ना, तिथे ही लाव. एक टोक त्यांच्या मशीनला, एक तुझ्या. मधे दुसरं काही लागत नाही."

रविवारी सकाळी माझा कॉम्प्युटर खाली नेला. चाचींनी आरडाओरडा करूनही मॉनिटर चाचांनीच उचलला. दोन्ही मशीन जेवणाच्या टेबलावर शेजारी ठेवून केबल जोडली. स्क्रीनवर प्रश्न आला, होस्ट कुठला, गेस्ट कुठला?

"म्हणजे यजमान आणि पाहुणा," मी सांगितलं.

"मग विचारायचं काय त्यात?" चाची म्हणाल्या. "आमचा यजमान. तुझा आलाय वरून."

पहिल्यांदा दोघांची भेटच होईना. चाचांचं फोल्डर शेअर करायचं मी विसरले होते. ते केलं आणि माझ्या पडद्यावर त्यांच्या फायली एकेक करून दिसायला लागल्या. चाचांनी टेबलफॅनचं तोंड स्वतःकडून वळवून कॉम्प्युटरकडे केलं. चाचींचे ओठ हलत होते. मशीन दोनदा बंद पडलं. ते थंड होऊ दिलं, पुन्हा चालू केलं. पुरात अडकलेल्या बसची लांबलचक गोष्ट मात्र मधेच तुटली, ती हाती लागलीच नाही. बाकी सगळं दुपारपर्यंत माझ्याकडे आलं.

नीट आलंय का बघायला मी यादी वाचत होते. त्यात एका फाईलला माझं नाव होतं. मी चाचींकडे पाहिलं, त्यांनाही ठाऊक नव्हतं. मी ती लावली.

"द्वारका बेटा, ऑफिसातून उशिरा येतेस आणि न जेवता झोपतेस. वर भांडं वाजलं नाही की तुझ्या चाचीला कळतं. उद्यापासून मला ओरडता येणार नाही, म्हणून आत्ताच ओरडून घेतो. खाली येऊन जेवत जा. भाडेकरू म्हणून नाही, घरची म्हणून."

मला रडू आवरेना. चाचा खिडकीबाहेर बघत राहिले. मग पाटीवर लिहून त्यांनी माझ्यासमोर धरलं, 'भात निवतोय.'

त्या दिवसापासून लग्न होईपर्यंत मी तांबोळींच्या घरीच जेवले. मार्चमध्ये इरफानला मुलगी झाली. आजोबांच्या त्या फायली ऐकतच ती वाढली. बोलायला लागल्यावर ती "पुढे सरका" म्हणायची, अगदी आजोबांच्या ठेक्यात. आणि दारात उभे असलेले चाचा खरंच एक पाऊल पुढे सरकायचे.